ओटा एका तांब्यात पुसून झाला पाहिजे! स्वयंपाकघराचं काम काढण्याआधी हे वाचून घ्या

नांदगाव (प्रतिनिधी) : कांद्याचे चार पैसे हातात आले, मका विकला गेला, की आपल्या तालुक्यात दोनच कामं निघतात. एक बोअर आणि दुसरं घराचं बांधकाम. सध्या गावोगाव वाळू-सिमेंटचे ढीग दिसत आहेत. कुणाचं घरकुल चाललंय, कुणी जुन्या धाब्याच्या घरामागं दोन खोल्या काढतंय, कुणी निदान स्वयंपाकघराला तरी टाइल लावून घेतंय. आणि यातली सगळ्यात घाईत होणारी खरेदी म्हणजे ओट्याचा दगड आणि भिंतीची टाइल. नांदगाव, मनमाड, मालेगाव नाहीतर चाळीसगावच्या दुकानात घरातला कर्ता माणूस जातो, मिस्त्रीनं लिहून दिलेली चिठ्ठी दाखवतो, दुकानदार म्हणतो, "दादा, हा पीस आत्ताच आलाय, बघा कसा चमकतोय," आणि दहा मिनिटांत व्यवहार होतो. तो ओटा पुढची वीस वर्षं दिवसातून तीन वेळा जी बाई पुसणार आहे, ती तेव्हा घरी भाकरी थापत असते.

दुकानातली चमक आणि घरातली चमक यात फरक आहे. दुकानात फोडणी होत नाही, पिठाचे हात लागत नाहीत, बोअरचं पाणी सांडत नाही. म्हणून वस्तू निवडताना "दिसते कशी" याच्या आधी "पुसली जाते कशी" हे बघायचं. आणि नांदगाव तालुक्यात त्यात आणखी एक प्रश्न जोडायचा, तो म्हणजे किती पाण्यात पुसली जाते?

आधी पाण्याचं बोलू

मोबाईलवर स्वयंपाकघराचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक अशा शहरातले असतात जिथं नळ सोडला की पाणी येतं. आपल्याकडं तसं नाही. गिरणा धरण आपल्या तालुक्यात, पण त्याच्या कालव्यांचं बहुतेक लाभक्षेत्र जळगाव जिल्ह्यात. मनमाडकरांनी तर पंधरा-वीस दिवसांआड येणाऱ्या नळावर उन्हाळे काढलेत. खेड्यावर एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघणं काही नवीन नाही.

आता साधा हिशोब करा. समजा चुकीचा दगड किंवा चुकीची टाइल घेतल्यामुळं प्रत्येक वेळी पुसायला २ लिटर पाणी जास्त लागतंय. दिवसातून तीन वेळा म्हणजे ६ लिटर. महिन्याला १८० लिटर. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण ड्रम फक्त डाग काढण्यात गेला. आणि तो ड्रम भरून कोण आणतं, हे काही सांगायला नको.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जातीची. आपला भाग काळ्या पाषाणाचा. त्याच्या भेगांमधून येणारं विहिरीचं, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळलं की क्षार मागं राहतात. हंड्याच्या बुडाला, गिझरच्या कॉइलला, नळाच्या तोंडाला जो पांढरा थर बसतो तो हाच. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे हे कळायला फार काही लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासायच्या किट दिल्या गेल्या आहेत, आणि त्यासाठी गावातल्या ५ महिलांना शिकवायचं असं धोरण आहे. ग्रामपंचायतीत विचारा, त्या किटमध्ये जडपणाचीही चाचणी असते. ते जमलं नाही तर एका बाटलीत बोअरचं पाणी आणि दुसरीत पावसाचं धरलेलं पाणी घ्या, दोन्हीत सारखाच साबणाचा चुरा टाका, हलवा. ज्यात फेस कमी ते पाणी जड.

आपल्याकडची घाण पांढरी असते

"काळा रंग घ्या, डाग दिसत नाही" हे वाक्य दुकानात दहा वेळा ऐकायला मिळतं. मुंबई-पुण्यात ते थोडंफार खरं असेल. आपल्याकडं मात्र नीट विचार करा, ओट्यावर पडतं काय? बाजरीचं, ज्वारीचं पीठ पांढरट. बोअरच्या पाण्याचे वाळलेले थेंब पांढरे. रस्त्याची धूळ मातकट-पांढरी. मका काढणीच्या दिवसांत खळ्यातला कोंडा उडून घरात येतो, तोही फिकट. या सगळ्याला आरशासारखा काळाभोर दगड म्हणजे पाटीवर खडू. पुसला की पाच मिनिटं छान दिसतो, पाणी वाळलं की फडक्याचे ओढे उमटतात. बाई परत पुसते. परत ओढे.

दुसरं टोक म्हणजे पांढराशुभ्र ओटा. त्यावर क्षार दिसत नाहीत, पण हळदीचा एक थेंब पडला की दारातून दिसतो. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतो. म्हणून फोडणीतली हळद तेलासोबत दगडाच्या, सिमेंटच्या बारीक छिद्रात उतरते आणि नुसत्या पाण्यानं कितीही घासलं तरी निघत नाही. साबण लावला की ती लाल होते, हे बायकांना वेगळं सांगायला नको. एक मात्र बरं असतं, हळदीचा रंग उन्हात उडतो. पण ओटा काही उन्हात नेऊन ठेवता येत नाही.

मधला रस्ता चांगला. राखाडी, तपकिरी, दाणेदार, ठिपक्यांचा दगड. स्टील ग्रे, टॅन ब्राऊन अशा नावानं जे ग्रॅनाइट मिळतं ते या जातीचं. त्यावर पीठही लपतं, हळदही लपते, पाण्याचे थेंबही एकदम डोळ्यात येत नाहीत. लपतं म्हणजे पुसायचं नाही असं नाही. पण पाहुणे दारात आणि हातात फडकं, अशी धावपळ तरी होत नाही.

कडप्पा की ग्रॅनाइट

कडप्पा स्वस्त, गावात सगळ्यांच्या ओळखीचा, फोडायला-कापायला सोपा. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यावरून त्याला नाव पडलं. कर्नाटकातल्या शहाबादची फरशी, राजस्थानचा कोटा, आणि देवघरात लावतात तो संगमरवर, ही सगळी एकाच कुळातली. सगळी चुनखडीची. इथंच खरी मेख आहे.

ओट्यावर बसलेला पांढरा क्षारही मुख्यतः चुनखडीच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो काढायला घरात लिंबू, चिंचेचं पाणी किंवा व्हिनेगर वापरतात, कारण आंबट पदार्थ चुनखडीला विरघळवतो. पण खालचा कडप्पाही चुनखडीचाच! म्हणजे जे औषध डागाला खातं तेच दगडालाही खातं. लिंबू पिळून घासलं की डाग जातो, आणि त्या जागी दगडाची पॉलिश उडून फिक्कट, खरखरीत चट्टा राहतो. खरखरीत जागेत पुढच्या वेळी क्षार आणखी घट्ट बसतो. मग कुणीतरी बाथरूमचं अॅसिड आणून ओततं. दोन-चार वर्षांत ओटा असा होतो की पुसला काय न पुसला काय, सारखाच. हा दोष बाईच्या हाताचा नसतो, पण बोलणी तिलाच बसतात.

ग्रॅनाइटचं तसं नाही. तो आगीतून, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून तयार झालेला दगड. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो यांनी त्याला काही होत नाही. आपल्या डोंगरातला काळा पाषाणही ज्वालामुखीतूनच आलेला, म्हणून तर पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच-लसणाची चटणी वाटली तरी पाटा झिजतो फक्त टाकीनं नाहीतर वरवंट्यानं. (पाट्याला टाकी लावणारे आता वर्षातून एकदाही फिरकत नाहीत, ते वेगळं.)

ग्रॅनाइटला दुसरी खोड आहे. काही जाती तेल-पाणी शोषतात, विशेषतः फिक्या रंगाच्या. तपासणी दुकानातच होते. दगडावर चमचाभर पाणी ठेवा, दहा-पंधरा मिनिटं चहा घ्या, मग पुसून बघा. पाण्याची जागा ओली-गडद दिसत राहिली तर दगड शोषतोय. असा दगड घ्यायचाच असेल तर बसवल्यावर त्यावर सीलर मारून घ्या, आणि ते काही वर्षांनी परत मारावं लागतं हे लक्षात ठेवा. आणखी एक. स्वस्तातलं काळं ग्रॅनाइट कधी कधी रंग चढवून काळं केलेलं असतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण कापसावर घेऊन दगडाच्या कोपऱ्यावर घासा. कापूस काळा झाला तर तो दगड दुकानातच राहू द्या.

बजेट कडप्प्याचंच असेल तर हरकत नाही, अर्ध्या तालुक्याचा स्वयंपाक कडप्प्यावरच होतो. फक्त त्याचे नियम वेगळे. लिंबू-व्हिनेगर-अॅसिड लांब ठेवायचं. पाणी सांडलं की लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचं, म्हणजे क्षार बसायला वेळच मिळत नाही. काही घरी कडप्प्याला तेलाचा हात देतात. काळा कुळकुळीत दिसतो खरा, पण ओशट झाल्यामुळं पीठ आणि धूळ त्यालाच चिकटते. सणापुरतं ठीक, रोजचं नको. आणि जमलं तर अर्धाअर्धा मार्ग काढा. ओट्याचे पाय, खालचे खण, बाजूच्या पट्ट्या कडप्प्याच्या, फक्त वरची फळी ग्रॅनाइटची. ८ फूट लांब, २ फूट रुंद ओट्याला वरचा दगड लागतो १६ चौरस फूट. तेवढ्याचाच भाव काढून बघा, पूर्ण ओट्याच्या मानानं फरक वाटतो तेवढा मोठा निघत नाही.

दगड कोणताही असो, मिस्त्रीला दोन गोष्टी सांगायच्याच. ओट्याला सिंककडं किंचित ढाळ हवा, आणि पुढच्या कडेला उभी पट्टी नाहीतर खालून पाणी तोडणारी खाच हवी. ढाळ नसेल तर पाणी गॅसखाली साचतं, वाळतं, थर धरतं. खाच नसेल तर ते खालच्या कपाटाच्या दारांवर ओघळतं.

टाइल नाही, सांधा घाण होतो

भिंतीची टाइल हा विषय लोक रंगावर आणि चित्रावर निपटवतात. वाफाळती कपबशी, सफरचंद, द्राक्षांचा घड. छापील चित्राला तसा माझा विरोध नाही, चित्र काचेच्या थराखाली असतं, पुसायला त्रास देत नाही. विरोध आहे तो उठावाच्या नक्षीला. फुलाच्या पाकळ्या वर आलेल्या, वेलबुट्टी कोरलेली टाइल गॅसच्या मागं लावली की तेलाची वाफ आणि पीठ मिळून जो चिकटा तयार होतो तो प्रत्येक पाकळीच्या कडेला जाऊन बसतो. तो दात घासायच्या ब्रशनं काढावा लागतो. ती नक्षी हवीच असेल तर देवघराला लावा.

भिंतीला चकचकीत गुळगुळीत टाइल चालते, उलट बरीच. तेल तिच्यात मुरत नाही, वरून पुसलं जातं. जमिनीला मात्र चकचकीत नको. ओल्या फरशीवर पाय घसरला की काय होतं ते प्रत्येक गावात कुणाच्या ना कुणाच्या आजीला विचारा. जमिनीला मॅट घ्या, पण हातानं चाचपून. फार खडबडीत असेल तर त्यात मातीच बसते. पायातला चिखल, शेण, अंगणातली धूळ आपल्या स्वयंपाकघरात येणारच, ते धरूनच चालायचं.

पाण्याचं शोषण टाइलमध्येही असतं. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आतून सच्छिद्र असते, १० टक्क्यांवर शोषते, पण तिच्यावर काचेचा थर असल्यानं समोरून काही होत नाही. तिचा थर उडाला, टवका निघाला, तर तिथून डाग आत जातो. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

पण खरा शत्रू टाइल नाही. सांधा. दोन टाइलमधली ती बारीक रेघ. आपल्याकडं अजून बरेच मिस्त्री ती पांढऱ्या सिमेंटनं भरतात. पांढरं सिमेंट म्हणजे हळद-तेलाला दिलेलं आमंत्रण. सहा महिन्यांत गॅसमागची रेघ पिवळी, वर्षात तपकिरी, आणि सिंकमागची काळी, कारण तिथं ओल राहून बुरशी धरते. टाइल नवी दिसते आणि रेघांमुळं भिंत जुनी.

म्हणून पहिला उपाय, रेघाच कमी करा. हिशोब सांगतो. ओट्यामागची भिंत, जिला मिस्त्री डॅडो म्हणतात, ८ फूट लांब आणि २ फूट उंच धरा. त्यावर १२ इंच बाय १८ इंचाची टाइल आडवी लावली तर दोन ओळी येतात, प्रत्येक ओळीत ६ तुकडे. सांधे मोजा. मधली आडवी रेघ ८ फूट, आणि ५ उभ्या रेघा प्रत्येकी २ फूट म्हणजे १० फूट. एकूण १८ फूट सांधा घासायचा. त्याच भिंतीवर २ बाय ४ फुटांच्या दोनच टाइल लावल्या तर मधे एकच उभी रेघ, २ फुटांची. कुठं १८ फूट आणि कुठं २ फूट! मोठी टाइल थोडी महाग, बसवायला कारागीर चांगला लागतो, भिंत सरळ लागते. पण लागतात तरी किती, दोन!

दुसरा उपाय एपॉक्सी ग्राउट. हे सिमेंटचं नसतं. दोन-तीन घटक एकत्र करून भरतात, वाळल्यावर ते तेल-पाणी शोषत नाही. महाग असतं म्हणून मिस्त्री टाळतो, आणि भरायला घाई करावी लागते म्हणूनही टाळतो. सगळ्या घराला ते लावायची गरजच नाही. गॅसच्या मागं आणि सिंकच्या भोवती, फक्त एवढ्याच दोन जागी लावून घ्या. आणि ओटा जिथं भिंतीला टेकतो त्या कोपऱ्यात. झुरळांचा वाडा तिथंच असतो. बाकी भिंतीला राखाडी रंगाचं साधं सिमेंट ग्राउट पुरे, फक्त पांढरं नको.

चूल असेल तर रंग नको

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, गॅस घरोघर आला. तरी पाणी तापवायला, भाकरीला, सिलिंडर संपलं की सगळ्यालाच चूल पेटते. काही घरात ती अजून आतच आहे. ज्या भिंतीला चूल आहे तिला प्लास्टिक पेंट, ऑइल पेंट यावर पैसा घालू नका. चुलीची काजळी नुसती राख नसते, तिच्यात धुराचा चिकट अंश असतो, तो रंगात बसतो. तिथं चुनाच बरा. पोळ्याला नाहीतर दिवाळीला एक हात मारला की भिंत नवी.

जुन्या बायका चुलीला रोज पोतेरं द्यायच्या, जमीन शेणानं सारवायच्या. त्यात हुशारी होती. डाग पुसायचा नाही, वर नवा थर द्यायचा. सिमेंटच्या घरात ते जमत नाही, पण चुन्याच्या भिंतीचं तत्त्व तेच.

गॅसच्या स्वयंपाकघरात टाइलच्या वर जी भिंत राहते तिला डिस्टेंपर लावू नका, ओल्या फडक्यानं तो फडक्यालाच येतो. धुता येणारा पेंट लावा, आणि नवा गिलावा पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. खिडकी नसेल तर एक्झॉस्ट पंख्याचं भोक मिस्त्रीकडून आत्ताच ठेवून घ्या. तेलाची वाफ बाहेर गेली तर भिंतीवर येणार नाही, हे सगळ्या रंगांहून स्वस्त पडतं.

कपाटं आणि हाताचे ठसे

मॉड्युलर किचनची रील बघून बऱ्याच घरी आता तसलीच कपाटं मागतात. लाल नाहीतर पांढरा आरशासारखा अॅक्रेलिकचा पल्ला. कणकेच्या हातानं एकदा उघडला की पाच बोटं उमटली. पुसायला तारेची घासणी लागली की ओरखडे, आणि ते कायमचे. गडद मॅट पल्लाही तेवढाच त्रास देतो, त्यावर तेलकट बोटं ओल्या डागासारखी दिसतात. फिका किंवा मधला रंग, बारीक लाकडी रेघांचा, किंचित मॅट सनमायका, यावर ठसे सगळ्यात कमी दिसतात. बोटांचे ठसे न उमटणारा खास सनमायकाही निघालाय, पण तो महाग. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे लांब स्टीलची मूठ लावा. मुठीला हात लागतो, पल्ल्याला लागतच नाही. बिनमुठीची कपाटं दिसायला छान, पण ती ज्यांच्या घरी भाकरी थापत नाहीत त्यांच्यासाठी.

खालच्या कपाटांना प्लायवूड वापरायचंच असेल तर उकळत्या पाण्यात टिकणारं, आयएस ७१० शिक्का असलेलं बघा. तरी वाळवीचा धोका राहतोच. माझं मत विचाराल तर ओट्याखाली कडप्प्याचे खण आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीची दारं. त्याचे फोटो कुणी काढत नाही, पण पाणी लागलं तरी फुगत नाही आणि वाळवीला खायला काही नाही.

सिंकचं थोडक्यात. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटलं नाही म्हणजे ३०४ नंबरचं स्टील. हे पुरतं खरं नाही. हलक्या २०२ नंबरलाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यामुळं चुंबकावर नाही, बिलावर ३०४ लिहून घ्या. आरशासारखं सिंक घेऊ नका, रेघारेघांचं ब्रश फिनिश घ्या, ओरखडे आणि क्षार त्यात कमी दिसतात. भांडी मोरीवर नाहीतर बाहेर ओट्यावरच घासत असाल तर मोठ्या सिंकवर खर्च करायचं कारण नाही.

घरी आणून तपासा

दुकानदाराकडून तुकडा मागा. दगडाचा, टाइलचा, सनमायकाचा. बहुतेक देतात. घरी आणून रात्री त्यावर चार जागी चार गोष्टी ठेवा. एका जागी तेलात कालवलेली हळद, दुसरीकडं लिंबाचा रस, तिसरीकडं आपल्याच बोअरच्या पाण्याचे थेंब, चौथीकडं पिठाचा ओला हात. सकाळी घरातल्या बाईच्या हातात एक फडकं आणि एक तांब्या पाणी द्या. साबण नाही, घासणी नाही. जो तुकडा तेवढ्यात स्वच्छ झाला तो घ्यायचा. मग रंग कोणताही असो. आणि हो, पुसायचं त्यांनीच. आपण पुसून काही कळणार नाही, आपल्याला सवय नाही.

कमी पाण्यात पुसायची रीत

चिकटा आधी कोरडाच काढा. जुना वर्तमानपत्राचा कागद नाहीतर सुती चिंधी. तेल कोरड्यानं टिपलं की निम्मं काम होतं, पाणी आधी घातलं तर तेल पसरतं. मग वाटीभर कोमट पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, त्यात फडकं पिळून एक हात. मग साधा ओला हात, शेवटी कोरडा हात. हा शेवटचा कोरडा हात बऱ्याच घरी राहून जातो, आणि जड पाण्याच्या गावात तोच महत्त्वाचा. पाणी दगडावर वाळलं नाही तर क्षार बसणारच नाही.

सिंकवर, नळावर, ग्रॅनाइटवर क्षार बसलाच तर लिंबाची फोड चोळा, दहा मिनिटांनी धुवा. कडप्पा, कोटा, संगमरवर यांना लिंबू लावायचं नाही, हे वर आलंच आहे. बाथरूमचं अॅसिड स्वयंपाकघरात कुठंच नको. ते सिमेंटचे सांधे खातं, स्टीलला डाग पाडतं आणि ग्रॅनाइटची पॉलिश मंद करतं. आणि अॅसिड व ब्लिचिंग पावडर कधीही, चुकूनही, एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. दिवाळीच्या साफसफाईत "दोन्ही टाकलं की लवकर निघेल" असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथं थांबवा.

घरकुलवाल्यांसाठी

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मदत ठरलेली आहे, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, त्यातच स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली. भिंती आणि छत होईपर्यंत पैसा आटतो हे सगळ्यांना माहीत आहे. मग स्वयंपाकघर "नंतर बघू" वर जातं. थोडेच पैसे उरले असतील तर क्रम असा ठेवा. आधी ओट्याचा वरचा दगड. मग गॅसमागच्या त्या दोन मोठ्या टाइल, एपॉक्सी सांध्यासकट. मग एक्झॉस्टचं भोक, पंखा पुढच्या हंगामात बसवला तरी चालेल. जमिनीला चांगला घोटलेला कोबा करून घ्या, फरशी नंतर त्यावर बसते. कपाटं सगळ्यात शेवटी. तोपर्यंत ओट्याखाली पडदा लावा, पडदा धुता येतो.

आणि एपॉक्सी भरून घेत असाल तर त्या दिवशी घरात कुणीतरी थांबा. भरताना टाइलवर जो पातळ थर पसरतो तो मिस्त्रीनं ओलं असतानाच पुसून काढला पाहिजे. वाळला की तो निघत नाही, आणि नव्या टाइलवर कायमचा धुरकट पट्टा राहतो. मिस्त्री "उद्या येऊन पुसतो" म्हणाला तर त्याला जाऊ देऊ नका.